सोडण्याआधी बाहेरून चालवून बघा



आज लिनक्सवर बोलायचं आहे. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. घरात एकच कॉम्प्युटर. त्यावर उत्साहाने लिनक्स टाकायला बसलो. 'पूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करायचं का?' असं पडद्यावर आलं. नीट न वाचता मी हो म्हटलं. आपाच्या लग्नाचे फोटो गेले, त्यातच नानीचे शेवटचे फोटोही. दुसरी कॉपी नव्हती. आपा रागावली नाही, नुसती गप्प बसली.

यंदा तिचाच मुलगा लॅपटॉप घेऊन आला. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो. त्याचा प्रोसेसर जुना. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. मशीन मात्र धडधाकट होतं.

त्याने पहिलं काय विचारलं? "मामू, काही पुसलं तर जाणार नाही ना?" घरातली गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती!

म्हणून आधी त्याच्या फाइल्सची कॉपी दुसरीकडे ठेवली. विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली असेल तर तिची रिकव्हरी की लिहून ठेवा. मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला. रुफस या मोफत प्रोग्रॅमने त्यावर लिनक्स मिंट लिहिलं. यात पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, तेव्हा तो रिकामाच घ्या. लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची की दाबायची. कंपनीप्रमाणे ती एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. मिंट पेनड्राइव्हवरूनच सुरू झालं. आतल्या डिस्कवर काहीच लिहिलं गेलं नाही.

आता तपासणी. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर चालतात का? झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतं का? मराठी आणि उर्दू कीबोर्ड जोडून टाइप करून पाहिलं. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं हळू चालतं, त्यावरून लिनक्सला नावं ठेवू नका. आणि बंद केलं की तुमचे बदल जातात, हेही लक्षात ठेवा.

ते टिकावेत म्हणून पुढे बाहेरच्या एसएसडीवर मिंट इन्स्टॉल केलं. इथे खरी सावधगिरी. कोणती डिस्क निवडतोय हे तिचं नाव आणि आकार वाचून ठरवा. बूटलोडर आतल्या डिस्कवर जाऊ शकतो. जमत असेल तर तेवढ्यापुरती आतली डिस्क काढूनच ठेवा. मी काढली.

महिनाभर त्याने ते वापरलं. लिबरऑफिसमध्ये असाइनमेंट झाल्या, ऑनलाइन लेक्चर झाली. अडलं ते टॅलीवर. बी.कॉम.च्या मुलाला टॅली हवीच, आणि ती विंडोजसाठी बनलेली आहे. एका झटक्यात विंडोज पुसलं असतं तर हे परीक्षेच्या तोंडावर कळलं असतं. आता इंटरनेटची कामं लिनक्सवर, टॅलीचा सराव नेट बंद ठेवून विंडोजवर. नव्या लॅपटॉपचे पैसे वाचले.

तुमचं उत्तर वेगळं निघेल. मी सांगतो म्हणून लिनक्स घेऊ नका, दुकानदार सांगतो म्हणून लॅपटॉपही टाकू नका. आपल्या मशीनवर, आपल्या कामासाठी चालवून बघा. आणि आज घरी गेल्यावर एक काम करा: घरातल्या फोटोंची दुसरी कॉपी काढून ठेवा.