परंपरानिष्ठ ख्रिस्ती मतदार आणि आपण
(नवी मुंबईतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय आपल्यापैकीच एका तरुण कार्यकर्त्याने सुचविला. प्रचाराच्या निमित्ताने तो एका ख्रिस्ती कुटुंबात गेला होता. कंत्राटी कामगारांना कायम करावे, या मागणीवर घरातील गृहस्थ आपल्याही चार पावले पुढे होते. गर्भपाताचा कायदा मात्र रद्दच झाला पाहिजे, असे त्यांचे ठाम मत होते. ‘सर, यांना पुरोगामी समजायचे की प्रतिगामी?’ असा त्याचा प्रश्न होता. माझ्या मते या प्रश्नाची मांडणीच चुकीची आहे. ती का चुकीची, हे आज सांगावयाचे आहे.

१८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरम नोव्हारम’ हे परिपत्रक काढले. अर्थशास्त्र शिकविताना मी ते विद्यार्थ्यांना आवर्जून वाचावयास सांगत असे. त्यात समाजवादाचा स्पष्ट निषेध असून खाजगी मालमत्तेला नैसर्गिक हक्क मानले आहे. परंतु तेच परिपत्रक पुढे म्हणते की, मजुरीचा दर केवळ मालक-मजुरांच्या करारावर सोडता येणार नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे आणि कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. माणूस ही बाजारातील वस्तू नव्हे आणि कुटुंब हे राज्यसंस्थेच्याही अगोदरचे आहे, हे ते तत्त्व होय. त्यातूनच न्याय्य मजुरीची मागणी निघते आणि गर्भपात व घटस्फोट यांना विरोधही त्यातूनच निघतो. २०२५ साली निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाचा दाखला दिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अर्थात सारे ख्रिस्ती कॅथलिक नव्हेत आणि सारे कॅथलिक एका मताचे नव्हेत. परंतु त्या गृहस्थांच्या बोलण्यात विसंगती नव्हती, इतके यावरून दिसावे.

आपल्या जवळचेच उदाहरण पाहा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यात इमारतींना मोकळीक देणारे धोरण आले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पाणी, शेती आणि वाड्या वाचविण्यासाठी चर्चला जाणारी श्रद्धाळू माणसे रस्त्यावर उतरली आणि अन्य धर्मीय शेजारीही त्यांच्याबरोबर आले. पुढे त्या परिसराचे नियोजन सिडकोकडे गेले. सिडको म्हटल्यावर नवी मुंबईच्या माणसाला अधिक काही सांगावयास नको. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन ५ शेतकऱ्यांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून मिळाला. उरणचा आगरी शेतकरी आणि वसईचा ख्रिस्ती वाडीवाला यांचे दुखणे एकच होते. परंपरेवरील निष्ठा हीच तेथे जमिनीच्या बाजाराविरुद्धची ताकद ठरली.

परंतु याच परंपरेचा भार घरातील स्त्रीवर पडतो, हेही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला केवळ व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मिळे. पत्नीला त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली ही विषमता नाकारली आणि संसदेने २००१ साली कायदा दुरुस्त केला. केरळात मेरी रॉय यांना मुलीच्या वारसाहक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. तो निकाल १९८६ सालचा. गर्भपातासंबंधीचा १९७१ चा कायदा आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती यांना कॅथलिक धर्माधिकाऱ्यांचा विरोध आहे. त्यांनी आपल्या अनुयायांना उपदेश जरूर करावा. तो उपदेश साऱ्या देशाचा कायदा व्हावा, हे मात्र आपण मान्य करू शकत नाही. मतांच्या हिशेबाने येथे मौन पाळणे ही स्त्रियांशी प्रतारणा ठरेल.

आता थोडे आत्मपरीक्षण करू. डिसेंबर १९७८ मध्ये खासदार ओमप्रकाश त्यागी यांनी धर्मस्वातंत्र्याच्या नावाने धर्मांतरावर निर्बंध घालणारे विधेयक लोकसभेत मांडले. ते जनता पक्षाचे होते आणि त्या पक्षाच्या सरकारात समाजवादी मंत्री होते. मदर तेरेसांनी पंतप्रधान मोरारजी देसाई यांना पत्र लिहून आपला विरोध कळविला. १९७९ साली लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक बारगळले. ते आपल्या ठाम विरोधामुळे बारगळले, असे मला म्हणता येत नाही. आज दहाहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. बळजबरी आणि फसवणूक यांना शिक्षा व्हावी, याबद्दल वाद नाही. परंतु उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलू इच्छिणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे घोषणापत्र द्यावयाचे असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेणाऱ्या लाखो माणसांवर ही अट असती, तर काय झाले असते, याची कल्पना करा. सदसद्विवेकबुद्धीला सरकारी परवाना लागू लागला की पुढे संघटनेला आणि सभेलाही तो लागतो.

म्हणून त्या तरुण मित्राला माझे सांगणे असे आहे. त्या घरी पुन्हा जा. कंत्राटी कामगारांच्या मोर्चाला गृहस्थांना बरोबर घ्या. त्यांच्या प्रार्थनास्थळावर कोणी चालून आले, तर गर्भपातावरील मतभेद बाजूला ठेवून दारात उभे राहा. त्या वेळी त्यांचे मत आपल्याला मिळेल की नाही, याचा हिशेब करू नका. आणि गर्भपाताचा विषय निघेल तेव्हा आपले मत न लपविता सांगा. फक्त एक करा. मागच्या खेपेस तू गृहस्थांचेच मत घेऊन परत आलास. या खेपेस त्यांच्या पत्नीचे आणि मुलीचे मतही विचारून ये.