गोधडीचा हिशेब



महाराष्ट्रातील खेड्यात कापडाचे आयुष्य मोठे असते. आजीचे नऊवारी लुगडे प्रथम सणावारी नेसले जाते, पुढे ते रोजच्या वापरात येते. विरू लागले की त्याची बाळासाठी दुपटी होतात. उरलेल्या कापडाची गोधडी शिवली जाते. गोधडी फाटली की तिचे पायपुसणे होते आणि अखेरीस चुलीजवळचे मसोते किंवा सारवणाचे पोतेरे. या साऱ्या प्रवासात फेकून देण्यासारखे काही उरत नाही. यालाच आपल्याकडे साधी राहणी म्हणत आले आहेत. ही राहणी म्हणजे कंजुषी नव्हे. प्रत्येक वस्तूमागे कोणाचे तरी श्रम आहेत, याची ती जाण आहे.

या राहणीतूनच गोधडीची कला जन्माला आली. सुगी आटोपली आणि पावसाळ्याला अवकाश असला की अंगणात किंवा ओसरीवर धुतलेले लुगडे ताणून पसरावयाचे, त्यावर जुन्या कापडाचे थर सारखे बसवावयाचे, वरून दुसरे लुगडे घालून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे, थर सरकू नयेत म्हणून मोठे कच्चे टाके घालावयाचे आणि मग ओळीला ओळ लावून धावदोरा घालावयाचा, अशी ही रीत आहे. विरलेल्या कापडाच्या अनेक थरांना हा बारीक टाकाच एकजीव करतो. रंग कोणता कोणाशेजारी शोभेल आणि ठिगळ कोठे लावले म्हणजे ते ठिगळ न वाटता नक्षी वाटेल, हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे ते आले आहे.

आज शहरांतील प्रदर्शनांत आणि दुकानांत अशा गोधडीला मागणी आहे. त्यामुळे घरोघरच्या या कसबाचा रोजगार होऊ शकेल काय, असा प्रश्न ग्रामपंचायतींपुढे आणि बचत गटांपुढे उभा राहतो. होऊ शकेल, असेच त्याचे उत्तर आहे. परंतु त्यासाठी जी गोष्ट घरात कधीच मोजली गेली नाही ती मोजावी लागेल. ती गोष्ट म्हणजे शिवणाऱ्या बाईचा वेळ.

साधेपणाचे बळ

हातच्या कसबाचा धंदा करू इच्छिणाऱ्या कुटुंबाला साधी राहणी कशासाठी हवी, हे प्रथम पाहिले पाहिजे. अशा धंद्याचे पहिले वर्ष कठीण असते. कापड व दोरा यांत पैसा अडकतो, माल तयार होऊन पडून राहतो, गिऱ्हाईक उशिरा पैसे देते. ज्या घरावर लग्नसमारंभाचे कर्ज आहे आणि हप्त्याची तारीख डोक्यावर आहे, त्या घरातील बाई व्यापारी सांगेल त्या भावाला गोधडी देऊन टाकते. ज्या घराच्या गरजा आटोपशीर आहेत, ते घर चार महिने थांबू शकते. पडेल भाव नाकारण्याची ताकद, हे साधेपणाचे आर्थिक मोल होय.

संत गाडगे महाराज (१८७६-१९५६) ठिगळांचीच वस्त्रे वापरीत आणि म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. कर्ज काढून सण करू नका, खर्चाला आवर घाला, पण मुलांना शिकवल्यावाचून राहू नका, हा त्यांच्या कीर्तनांतील उपदेश महाराष्ट्राला परिचित आहे. त्यांच्या अंगावरील ठिगळे ही लाचारीची खूण नव्हती. त्याच हातांनी त्यांनी धर्मशाळा उभारल्या आणि गावे झाडली. स्वतःच्या गरजा कमी केल्याने सामर्थ्य वाढते, याचा इतका स्पष्ट दाखला क्वचितच सापडेल.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. निवडलेला साधेपणा आणि लादलेला साधेपणा यांत अंतर आहे. घरातील पुरुषाच्या गरजा पूर्वीप्रमाणेच राहिल्या आणि काटकसर मात्र गृहिणीच्या ताटापुरती उरली, तर त्याला साधी राहणी म्हणता येणार नाही. त्याचप्रमाणे स्वयंपाक, पाणी, गुरे आणि मुले सांभाळून रात्री मंद दिव्याखाली बाईने गोधडी शिवावी, अशी अपेक्षा असेल तर त्यातून रोजगार न मिळता केवळ अधिकचे कष्ट तिच्या वाट्याला येतील. घरकामाची वाटणी झाल्याखेरीज घरगुती उद्योग उभा राहत नाही.

तासाची किंमत

आता हिशेबाकडे वळू. समजा, एका मोठ्या गोधडीला साठ तास लागले. हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. शिवण बारीक असेल तर वेळ याहून अधिक लागेल आणि जाड असेल तर कमी. समजा, कापड व दोरा यांना ३०० रुपये आणि धुलाई, वाहतूक यांना २०० रुपये पडले. तासाला ४० रुपये मजुरी धरली तर मजुरीचे २,४०० रुपये होतात आणि गोधडीची मूळ किंमत २,९०० रुपये ठरते. त्यात अद्याप नफा नाही.

परंतु प्रत्यक्षात घडते काय? जुनी लुगडी घरचीच, हात घरचे आणि वेळही घरचाच, असे मानून ती गोधडी १,२०० रुपयांना दिली जाते. आलेले १,२०० रुपये पाहून घर आनंदते. त्यातून ५०० रुपये खर्च वजा करून उरलेले ७०० रुपये साठ तासांवर वाटले, तर तासाला बारा रुपयेही पडत नाहीत. शेतात खुरपणीला जाणारी बाई आपल्या दिवसाचा भाव ठरवून घेते. तीच बाई घरी बसून त्याहून कुशल काम करते तेव्हा मात्र भाव विचारीत नाही. याचे कारण असे की घरातल्या कामाला मोल नसते, ही समजूत तिच्या आणि सर्वांच्याच मनात पिढ्यान्पिढ्या रुजलेली आहे.

हा प्रश्न नवा नाही. अखिल भारत चरखा संघाची स्थापना १९२५ साली झाली. दहा वर्षांनी, १९३५ साली, गांधीजींनी संघापुढे एक अवघड मागणी ठेवली. कातणाऱ्या स्त्रियांना मिळणारी मजुरी पोटापुरतीही नाही, ती वाढली पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल, असा त्यांचा आग्रह होता. आठ तासांच्या कामाला आठ आणे हे ध्येय त्यांनी मांडले. ते पुरते गाठणे त्या वेळी संघाला शक्य झाले नाही. तरीही निर्वाहापुरत्या मजुरीचे तत्त्व संघाने स्वीकारले व कताईचे दर वाढविले. त्या काळात गांधीजींचा मुक्काम वर्ध्याला मगनवाडीत होता. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्यही डॉ. जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेथूनच चाले. साध्या राहणीचा एवढा मोठा पुरस्कर्ताही कारागिराने स्वस्तात राबावे असे म्हणत नव्हता, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

दोन उदाहरणे, दोन धडे

घरच्या कसबाचे रूपांतर रोजगारात कसे होते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. १९६६ साली या संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

या यशाचे मर्म पापडाच्या चवीइतकेच कामाच्या पद्धतीत आहे. पीठ एके ठिकाणी मळले जाते, बहिणी ते घरी नेऊन लाटतात, तयार पापड परत आणतात, तेथे त्यांची पारख व वजन होते आणि लाटणावळ हाती पडते. काम घरी होते, पण माप, दर्जा आणि मजुरी यांचे नियम सर्वांना सारखे असतात. काम करणारी प्रत्येक बहीण संस्थेची सभासद, म्हणजे मालकीण असते. घराचे घरपण राहिले आणि कामाचे कामपणही राहिले.

दुसरे उदाहरण वारली चित्रांचे. आजच्या पालघर जिल्ह्यातील वारली समाजात लग्नाच्या वेळी गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा असे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही कला भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी तिला देशोदेशी पोहोचविले आणि २०११ साली ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळाली. या कलेने अनेक घरांत चूल पेटविली, ही आनंदाची गोष्ट आहे.

परंतु तिचीच दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. जी कला भिंतीवर होती तोवर प्रामुख्याने स्त्रियांची होती, ती कागदावर येऊन विकली जाऊ लागताच मोठ्या प्रमाणावर पुरुषांच्या हाती गेली. पुरुषांनी ती करू नये, असा याचा अर्थ नव्हे. कसबाला पैसा मिळू लागला की व्यवहार, नाव आणि बँकेचे खाते कोणाच्या हाती जाते, यावर लक्ष ठेवले पाहिजे, एवढाच याचा अर्थ आहे. गोधडीच्या बाबतीत तेच होऊ द्यावयाचे नसेल तर ती ज्या हातांनी शिवली त्यांचे नाव तिच्यावर असावे आणि पैसे त्यांच्याच खात्यात जमा व्हावेत.

गावाने करावयाची कामे

या कामी तिघांचा वाटा आहे. पहिला वाटा शिक्षकांचा. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला धावदोरा शिकविता येतोच. त्याच तासाला मुलामुलींना गोधडीची किंमत काढण्याचे गणितही घालावे. लागलेले तास, कापडाचे मोजमाप, खर्च व मजुरी यांची वही ठेवण्याची सवय शाळेत लागली तर ती घरी पोहोचेल. हे गणित मुलींइतकेच मुलांनाही घातले पाहिजे, कारण आईच्या वेळेला किंमत आहे, हे उद्याच्या पुरुषाला आजच कळावयास हवे.

दुसरा वाटा ग्रामपंचायतीचा. गोधडीला मोठी, स्वच्छ जागा लागते आणि बारीक टाक्याला भरपूर उजेड लागतो. समाजमंदिराची किंवा शाळेची रिकामी खोली दुपारच्या वेळी मोकळी करून दिली तर पाठ व डोळे सांभाळून काम होईल आणि चारचौघींच्या संगतीने दरही ठरेल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर ठेवलेली आहे. या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय असून प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साह्य आणि दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. त्या यादीत गोधडीचे वेगळे नाव नाही, शिंपीकाम मात्र आहे. कोण पात्र आहे आणि कोण नाही, हे पंचायत सदस्यांनी नीट समजून सांगितले तर पुष्कळ हेलपाटे वाचतील. अवजारे आली म्हणून कर्ज घेतलेच पाहिजे असे नाही, हेही सांगावे.

तिसरा वाटा अधिकाऱ्यांचा. २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ असो किंवा उमेद अभियानातील बचत गट असोत, स्त्रियांना एकत्र आणण्याचे काम त्यांनी केले आहे. त्यापुढचे पाऊल म्हणजे किती गट स्थापन झाले या नोंदीबरोबर गटातील बाईला तासाला किती मजुरी पडली, हीही नोंद ठेवणे. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात किती माल विकला गेला, हा आकडा महत्त्वाचा खराच. पण त्यातून प्रवास, मुक्काम आणि मजुरी वजा जाता गटाच्या हाती काय उरले, हा आकडा त्याहून महत्त्वाचा आहे.

कापडाचाही विचार करावा लागेल. सुती लुगड्यांचा वापर घटला आहे. सिंथेटिक साड्या घाम टिपत नाहीत आणि त्यांचे थर शिवताना सरकतात. शहरांतील घरांतून जुनी सुती वस्त्रे गोळा करून, स्वच्छ करून ती गावांतील गटांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था झाली तर शहराची अडगळ कमी होईल आणि गावाला कच्चा माल मिळेल.

उबेची किंमत

घरच्या माणसांसाठी शिवलेल्या गोधडीचा हिशेब कोणी करू नये. नातवंडासाठी आजीने घातलेल्या टाक्याला बाजारभाव नसतो आणि नसावा. परंतु जी गोधडी उंबऱ्याबाहेर जाते, तिचा हिशेब चोख झालाच पाहिजे. माया घरासाठी आणि मोल बाजारासाठी, एवढा भेद ज्या घराला कळला, त्या घरात साधेपणाही नांदेल आणि रोजगारही.

गावात यापुढे कोणी गोधडी विकावयास काढली, तर ती केवढ्याला दिली एवढेच विचारून थांबू नये. ती शिवावयास किती तास लागले, हेही विचारावे. तो प्रश्न ऐकून त्या बाईने पहिल्यांदा बोटांवर तास मोजले, तरी एका नव्या उद्योगाची सुरुवात झाली असे समजावयास हरकत नाही.

जय हिंद! जय महाराष्ट्र!