पाहुण्यांच्या बाकावरून

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतील अनुभव’ असा विषय दिला आहे. घाबरू नका, तिथले रस्ते किती गुळगुळीत आहेत ते मी सांगणार नाही. मी एका सामन्याबद्दल बोलणार आहे आणि तिथून आपल्या खडकीत, आपल्या शाळेपाशी येणार आहे. दहा मिनिटं घेईन. घंटा वाजवायला शिपाईमामा नसले, तरी आपल्या बाई समोर घड्याळ बघत बसल्या आहेत.

माझी लेक ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकत होती. कोविडमुळे दोन वर्षं भेट नव्हती. ८ नोव्हेंबर २०२१ पासून लस घेतलेल्या परदेशी प्रवाशांना अमेरिकेने दार उघडलं, तसे आम्ही दोघं दिवाळीच्या फराळाचे उरलेले डबे घेऊन तिच्याकडे पोहोचलो. युनिव्हर्सिटीच्या आवारात एक गंमत दिसली. पाट्यांवरच्या ‘एम’ या इंग्रजी अक्षरावर जिथे तिथे लाल चिकटपट्टीची फुली! लेकीला विचारलं, तर म्हणाली, “बाबा, या शनिवारी मिशिगनशी मॅच आहे. या आठवड्यात आमच्याकडे एम चालत नाही.” आणि मग हळूच म्हणाली, “आपण जायचंय. त्यांच्या गावाला.”

आता हा फुटबॉल आपला नव्हे. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात. यांचा चेंडू लांबट आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचं मैदान. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याचा. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोहोचलात की सहा गुण. मला हे कबड्डी आणि मुंबई लोकलमधली चढाओढ यांच्या मधलं काहीतरी वाटलं.

या दोन युनिव्हर्सिट्या १८९७ पासून एकमेकींशी खेळताहेत. त्याच्याही आधीचं भांडण जमिनीचं. १८३५ मध्ये टोलेडो गावाच्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन समोरासमोर उभे राहिले होते. शेवटी पट्टा ओहायोला मिळाला आणि मिशिगनला भरपाई म्हणून उत्तरेकडचा मोठा मुलूख. बेळगावचं नाव ऐकत वाढलेल्या आपल्याला सीमाप्रश्न समजावून सांगायला नको. आणखी एक योगायोग सांगतो. मिशिगन युनिव्हर्सिटीची स्थापना १८१७ ची. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला आपल्या इथे खडकीची लढाई झाली. आपण लढत होतो तेव्हा ते शाळा काढत होते!

२७ नोव्हेंबरला पहाटे निघालो. कोलंबसहून अ‍ॅन आर्बर गाडीने तीन तासांवर. अंगात ओहायोचे लाल स्वेटर, मफलर. गाव मात्र सगळं पिवळं-निळं. जाणारे-येणारे आम्हाला पाहून काहीबाही ओरडत होते. बायको म्हणाली, “अहो, मफलर आत घाला.” मी म्हटलं, “नाही, खडकीचा आहे मी.”

सामन्याआधी तिथे गाड्या लावण्याच्या जागेतच जत्रा भरते. गाडीची डिकी उघडायची, शेगडी मांडायची, मांस-कणसं भाजायची. आमच्या शेजारच्या गाडीतलं कुटुंब पक्कं मिशिगनचं. आधी आमच्या स्वेटरवरून यथेच्छ टिंगल केली, मग थंडीने आमचे हात गारठलेले पाहून सफरचंदाच्या गरम रसाचे पेले पुढे केले. स्टेडियममध्ये पिशव्या नेऊ देत नाहीत, म्हणून आम्ही चकलीचा डबा तिथेच उघडला. त्यांच्यातल्या आजींनी चकली उलटसुलट करून पाहिली आणि चार खाल्ल्या. टिंगल मात्र थांबली नाही.

स्टेडियम बाहेरून फार उंच दिसत नाही, कारण ते बरंचसं जमिनीत खोलगट बांधलं आहे. दारातून आत शिरलं की पायाखाली एकदम माणसांचा द्रोण उघडतो. बसायच्या जागा १,०७,६०१ आणि त्या दिवशी प्रेक्षक १,११,१५६. हा व्यावसायिक क्लबांचा सामना नव्हता, मैदानावर कॉलेजची मुलं होती!

आमच्या जागा मिशिगनवाल्यांच्या मधोमध. बर्फ भुरभुरत होता. मध्यंतराला मिशिगन १४, ओहायो १३. लेक नखं कुरतडत होती. उत्तरार्धात मिशिगनच्या हसन हॅस्किन्सने आम्हाला अक्षरशः तुडवलं. त्याने एकट्याने पाच वेळा चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला. निकाल ४२-२७. मिशिगनने ओहायोला याआधी हरवलं होतं ते २०११ मध्ये. दहा वर्षांचा उपास सुटला होता. हजारो मुलं मैदानात धावली, हिरवळ दिसेनाशी झाली.

माझ्या शेजारी एक ऐंशीच्या घरातले आजोबा होते. ते काही धावले नाहीत. बसल्या जागी डोळे पुसत होते. विद्यार्थी असल्यापासून याच मैदानावर येतात, म्हणाले. माझ्या लाल मफलरकडे पाहून त्यांनी हात पुढे केला. “तुम्ही शेवटपर्यंत थांबलात,” म्हणाले. “तुमची शाळा कुठली? तिथे काय खेळतात?”

मी सांगितलं, “पुण्याजवळ खडकी म्हणून आहे. तिथे हॉकी खेळतात.” त्यांचा चेहरा उजळला. “बर्फावरची?” म्हटलं, “नाही हो, मातीवरची.” मग त्यांना धनराज पिल्लेंबद्दल सांगितलं. खडकीचा मुलगा, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतल्या मैदानावर मोडक्या स्टिकने खेळून भारताचा कप्तान झाला, १९९२ ते २००४ चार ऑलिंपिक खेळला. आजोबांना सगळं कळलं असेल असं नाही, पण त्यांनी एक प्रश्न विचारला, “त्या मातीवरच्या सामन्यांना तुम्ही अजून जाता का?”

मित्रांनो, मला आज बोलायचंय ते त्या प्रश्नाबद्दल.

तिथलं सगळं घेण्यासारखं नाही. कॉलेजच्या या खेळात पैसा बेसुमार आहे. प्रशिक्षकाला प्राध्यापकांच्या कितीतरी पट पगार मिळतो. खेळणाऱ्या मुलांना मात्र स्वतःच्या नावावर कमाई करायची परवानगी थेट जुलै २०२१ मध्ये मिळाली. डोक्याला होणाऱ्या इजा वेगळ्याच. आपल्याला लाखाचं स्टेडियम नको. आपल्याला हवेत ते आजोबा. शाळा सोडून साठ वर्षं झाली, तरी थंडीत बाकावर येऊन बसणारे.

आणि हे आपल्या मातीत नाही असंही नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की पेठच्या पेठ रिकामी होते.

आठवीत आपला फुटबॉल संघ कॅम्पातल्या एका शाळेवर खेळायला गेला होता, आठवतंय? पीएमटीने गेलो होतो. त्यांच्या बाजूने दोन-अडीचशे मुलं ओरडत होती. आपल्या बाजूला पी.टी.चे सर, पाण्याची बादली आणि दोन राखीव गडी. त्यातला एक मी. तीन गोल खाल्ले. पण सर शेवटच्या मिनिटापर्यंत प्रत्येकाला नावाने हाक मारत होते. पुढे नोकरीत, घरात पडझडीचे दिवस आले तेव्हा मला ती हाक आठवली आहे. परक्या मैदानावर आपलं नाव घेणारा एक माणूस असला की खेळणारा वेगळाच खेळतो.

मुख्याध्यापिका बाईंकडून कळलं की आजही शाळेचा मुलींचा फुटबॉल संघ आहे. पावसाळ्यात जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होतात, १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो मुखर्जी चषकाची पहिली पायरीही तिथेच असते. मुली दुसऱ्यांच्या मैदानांवर जातात. त्यांच्या बाजूला कोण असतं? बहुधा एक शिक्षिका आणि पाण्याच्या बाटल्या.

आज आपण शाळेला पाण्याचं यंत्र आणि प्रोजेक्टर दिला. छान केलं. माझी सूचना बिनखर्चाची आहे. आपण इथे साठ-सत्तर जण आहोत. सामन्यांचं वेळापत्रक आलं की ते आपल्या ग्रुपवर टाकू. प्रत्येकाने वर्षातून एका सामन्याला जायचं, आणि तोही बाहेरच्या मैदानावरचा. घरच्या मैदानावर मुलींना मैत्रिणी असतात. बाहेर आपली गरज आहे. खेळातलं कळत नसलं तरी चालेल, मला तिथे काय कळत होतं? फक्त मुलींची नावं आधी पाठ करून जा. आणि हरल्या तर शेवटची शिट्टी होईपर्यंत उठू नका.

बाहेरच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर पहिलं नाव माझं आहे. जेवायला जाण्याआधी त्याखाली आपापलं नाव लिहा. आणि सर, तुमचं नाव आम्ही लिहिणार नाही. तुम्हाला न्यायला गाडी येईल.