वणवा विझल्यानंतर

(हीरक महोत्सवानिमित्त ओरगडम येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



मोटारींच्या कारखान्यांनी गजबजलेल्या ओरगडमसारख्या ठिकाणी आपल्या शाळेचा मेळावा भरावा, यातच साठ वर्षांचा प्रवास दिसतो. पोटापाण्यासाठी आपण दूर आलो. परंतु आपल्यापैकी अनेकांची गावे आजही डोंगरउतारावर आहेत आणि दर उन्हाळ्यात तेथे वणवे लागतात. त्या वणव्यांनंतर आपण काय करतो, याविषयी मी बोलणार आहे.

चेन्नईकरांना ११ मार्च २०१८ हा दिवस आठवत असेल. तेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने गिर्यारोहकांना वेढले. त्यांतील एक तुकडी चेन्नईहून गेलेली होती. त्या दुर्घटनेत २३ जणांचे प्राण गेले. वायुदलाची हेलिकॉप्टरे आली, परंतु त्यांच्या आधी धावून गेले ते आसपासचे गावकरी. आगीशी पहिली गाठ पडते ती जवळ राहणाऱ्यांची. म्हणून आपली मदतही प्रथम त्यांचे हात बळकट करणारी असावी.

महाराष्ट्रातील बहुतेक वणवे मनुष्याच्या हातून लागतात. गवत जाळल्यास पुढच्या वर्षी ते जोमाने येते, हा समज त्यांच्या मुळाशी असतो. कोठे मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवतात, कोठे विडीचे थोटूक पुरते. मग कोकणात आंबा-काजूच्या बागा होरपळतात, ठिबकच्या नळ्या वितळतात आणि गुरांसाठी रचलेल्या गवताच्या गंजी राख होतात.

अशा वेळी वर्गणी गोळा होते, आणि ती मनापासून होते. पण आपत्तीची मुदत आणि आपल्या कळवळ्याची मुदत सारखी नसते. घरातले धान्य जळाले, तर गरज आठवडाभरात भागवावी लागते. वैरण जळाली, तर पाऊस पडून नवे गवत येईपर्यंत गुरे जगवावी लागतात. हापूसचे कलम जळाले, तर नव्या कलमाला उत्पन्नावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. पहिल्या आठवड्यातच सारा निधी वाटून टाकणारा दाता शेतकऱ्याला पाचव्या वर्षापर्यंत कसा पोहोचवणार?

दीर्घ मुदतीचा वसा कसा घ्यावा, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटना यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. शिक्षण एका हंगामात पुरे होत नाही, हे ओळखूनच ते काम हाती घेतलेले होते.

आणि गाव स्वतः काय करू शकते, हे चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने दाखविले. तेंदूपानांचा फुटवा चांगला यावा म्हणून जंगलाला आगी लावल्या जातात. पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूचे हाती येणारे उत्पन्न सोडले आणि बांबूच्या विक्रीवर भर दिला. गरिबाने पैसा नाकारून जंगल राखणे, ही कोणत्याही देणगीहून मोठी देणगी होय.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. हीरक महोत्सवासाठी जमणाऱ्या निधीतून एक हिस्सा वणव्यांसाठी वेगळा ठेवावा आणि त्याचे तीन भाग करावेत. पहिला भाग तातडीच्या धान्य-औषधांसाठी, दुसरा वैरणीसाठी, तिसरा बँकेत ठेवून, कलमे पुन्हा उत्पन्नावर येईपर्यंत दरवर्षी थोडाथोडा देण्यासाठी. कोणाला किती द्यायचे हे ग्रामसभेत उघडपणे ठरावे आणि हिशेबही तेथेच वाचला जावा. दूर राहणाऱ्या दात्याचा विश्वास अशा वाचनाने टिकतो, आणि घेणाऱ्याचा मानही राहतो.

याशिवाय पैशाविना होणारी कामेही आहेत. महाराष्ट्रात वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरला जातो. त्यापूर्वी वनखात्याच्या मार्गदर्शनाखाली जाळरेषा काढल्या, म्हणजे गवताचे पट्टे साफ केले, तर आगीची वाट तुटते. सुटीवर गावी जाणाऱ्यांनी दोन दिवस या श्रमदानाला द्यावेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना मोबाइलवर पाठवते. त्यासाठी कोणालाही नाव नोंदवता येते. ओरगडममध्ये बसूनही आपण गावाला वेळेवर फोन करू शकतो. विद्यार्थ्यांना मात्र आगीजवळ नेऊ नये. त्यांनी घरोघरी जाऊन गवत जाळण्याविषयीचा गैरसमज दूर करावा.

जळालेल्या डोंगराला दरवेळी रोपेच लागतात असे नाही. पुन्हा आग लागू दिली नाही आणि काही काळ चराई थांबवली, तर बुंध्यांतून धुमारे फुटतात. त्याला हवी असते राखण. शाळेने आपल्याला साठ वर्षे अशीच राखण दिली. तिचे ऋण फेडण्याची ही एक रीत आपण सर्वांनी स्वीकारावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.