क्षयाची नवी लस आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार लोकांसमोर उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतकी वर्षे मंडळात माझ्याकडे काम असे ते हळदीकुंकवाच्या वाणाचे आणि फराळाच्या हिशेबाचे. यंदा अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "क्षयाच्या लशीविषयी तुम्हीच बोला. तुमच्या घरात ते घडले आहे." म्हणून धीर केला. बोलताना काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

२०१९ सालच्या गणपतीनंतरची गोष्ट. माझ्या धाकट्या दिरांना खोकला लागला. हवा बदलली असेल म्हणून आम्ही काढे देत राहिलो. असे दोन महिने गेले. भावोजींचे अंग उतरले, संध्याकाळी कणकण येऊ लागली, तेव्हा कुठे सरकारी दवाखान्यात बेडका तपासला. क्षय निघाला. गोळ्या सुरू झाल्या.

त्याच सुमारास आमच्या वन्संचे लग्न जमत आले होते. सासूबाईंनी घरात सर्वांना बजावले, "कोणी विचारले तर छातीत कफ साठलाय म्हणायचे." आम्ही तसेच म्हणू लागलो. नळावर तुम्हीच विचारलेत आणि मी तुमच्याशी खोटे बोलले. आज त्याची सर्वांसमोर क्षमा मागते.

मग एके दिवशी नर्सबाई घरी आल्या. आम्हा सर्वांचे बेडके तपासले, छातीचे फोटो काढले. कोणाला काही निघाले नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "क्षयाच्या दोन नव्या लशींची परीक्षा देशात चालू आहे. ज्यांच्या घरात रोगी आहे, पण ज्यांना स्वतःला रोग नाही, अशी माणसे हवी आहेत. तुम्ही याल का?"

मी दंड पुढे केला. म्हटले, "हा पाहा लहानपणचा वण. असाच भावोजींच्याही दंडावर आहे. मग त्यांना क्षय झाला कसा?"

नर्सबाईंनी तेव्हा जे सांगितले आणि पुढे मी मुलाकडून जे वाचून घेतले, ते थोडक्यात सांगते.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉक या जर्मन डॉक्टरांनी १८८२ साली जगाला दाखवला. पण चोर ओळखला म्हणजे पकडला असे नव्हे. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून पदवी घेऊन आल्या आणि १८८७ साली क्षयानेच गेल्या. वय अवघे एकवीस. स्वतः डॉक्टर असूनही त्यांच्यासाठी कोणाजवळ औषध नव्हते.

पुढे १९०८ साली फ्रान्समधील लील शहरात काल्मेत आणि गेरँ या दोघांनी गुरांच्या क्षयाचा जंतू घेतला. बटाट्याच्या फोडीवर ग्लिसरीन आणि पित्त घालून तो वाढवायचा, आणि दर तीन आठवड्यांनी त्यातला थोडा काढून नव्या फोडीवर लावायचा. आपण कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावतो, तसेच हे. असे त्यांनी १३ वर्षे, सुमारे २३० वेळा केले. मध्ये पहिले महायुद्ध आले, शहर शत्रूच्या ताब्यात गेले, तरी विरजण मोडू दिले नाही. शेवटी जंतू जिवंत राहिला, पण त्याचा विखार गेला. १९२१ साली पॅरिसमध्ये ही लस पहिल्यांदा एका तान्ह्या बाळाला पाजली. त्याची आई क्षयाने गेली होती. हीच आपली बी.सी.जी.

या लशीची वाट सरळ नव्हती. १९३० साली जर्मनीतील ल्युबेक गावी प्रयोगशाळेत लशीत खरे विखारी जंतू मिसळले गेले आणि सत्तरांहून अधिक बाळे दगावली. लस निर्दोष होती, हात निष्काळजी होते. नवी लस म्हटली की पोटात गोळा येतो, त्या भीतीला असे कारण आहे. म्हणूनच हल्ली प्रत्येक पायरीवर तपासणी असते.

आपल्या देशात ही लस १९४८ साली आली. मद्रासच्या गिंडी भागात ती तयार होऊ लागली. पुढे मद्रासजवळ चिंगलपट जिल्ह्यात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर तिची कसोटी घेतली. निकाल असा निघाला, की मोठ्या माणसांच्या फुप्फुसांचा क्षय ही लस अडवू शकत नाही. लहान मुलांच्या मेंदूला होणारा क्षय मात्र ती पुष्कळ अडवते. तेव्हा बाळाला ती टोचून घ्यायचीच. पण भावोजींच्या वयाला तिचा आधार पुरला नाही. म्हणून नवी लस हवी.

आता परीक्षेविषयी. ती महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुमारे १२ हजार माणसांवर होती. एक लस जर्मन शास्त्रज्ञांनी बी.सी.जी.मध्येच सुधारणा करून शोधलेली आणि आपल्या पुण्यातील सीरम संस्थेत तयार झालेली. दुसरी मेलेल्या जंतूंची. ती दिल्लीच्या डॉ. तलवार यांच्या संशोधनातून प्रथम महारोगासाठी निघाली होती. महारोगाचा आणि क्षयाचा जंतू एकाच कुळातले ना! माणसांचे तीन गट. एका गटाला पहिली लस, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला औषध नसलेले पाणी. कोणाला काय मिळाले ते ना टोचणाऱ्याला ठाऊक, ना टोचून घेणाऱ्याला. मग तीन वर्षांहून अधिक काळ सर्वांवर लक्ष ठेवायचे. नर्सबाईंनी हेही सांगितले, की नाही म्हटलेत तरी घरच्या रोग्याच्या उपचारात काही कमी होणार नाही, आणि मधूनच सोडावेसे वाटले तरी सोडता येईल.

सासूबाई म्हणाल्या, "तीन वर्षे दारात नर्स येणार. मग कफाची गोष्ट कोण खरी मानील? पोरीचे लग्न मोडेल." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आमचे हे म्हणाले, "तू बघ." म्हणजे निवाडा माझ्याच गळ्यात आला.

दोन रात्री झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना वन्सं म्हणाल्या, "वहिनी, दादाच्या खोलीत पाणी घेऊन तूही जातेस, मीही जाते. लपवून लग्न झाले आणि उद्या मलाच खोकला लागला, तर सासरी मी काय सांगू? तू सही कर. मीही करते."

आम्ही दोघींनी सह्या केल्या. मुलाकडच्यांना खरे ते कळवले. लग्न मोडले. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनीच विषय काढला. त्यांची थोरली बहीण सासरी खोकून खोकून गेली. शेवटपर्यंत तिला दमा आहे असेच सांगत होते. "कोणी एक जरी खरे बोलले असते..." एवढे म्हणून त्या देवघरात गेल्या.

महिन्याच्या अंतराने आम्हाला दोनदा टोचले. आत लस होती की नुसते पाणी, मला आजतागायत ठाऊक नाही. भावोजी सहा महिन्यांत बरे झाले. आज रिक्षा चालवतात. वन्संचे लग्न दोन वर्षांनी झाले, पण सर्व सांगून झाले.

पुष्कळजणी विचारतात, करोनाची लस वर्षभरात आली, मग क्षयाची का नाही? एक तर पैसा. ज्या देशांच्या हाती पैसा, तिथे क्षय कमी झालेला. दुसरे म्हणजे जंतूचा स्वभाव. करोना पाहुण्यासारखा येतो आणि चार दिवसांत काय तो गोंधळ घालतो. क्षयाचा जंतू बिऱ्हाड करून राहतो. शंभर जणांच्या अंगात शिरला तर त्यांतल्या पाचदहा जणांनाच जन्मात कधीतरी रोग होतो. त्यामुळे लशीचा गुण कळायला हजारो माणसे आणि कित्येक वर्षे लागतात.

एक उदाहरण देते. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि झांबिया या देशांत आणखी एका लशीची परीक्षा झाली. तिच्यात जिवंत जंतू नाहीच, जंतूचे थोडे अंश आहेत. सोबतीला चिली देशातील एका झाडाच्या सालीतले द्रव्य आहे, आपल्या रिठ्यासारखा फेस येणारे. त्याने शरीर जागे होते. सुमारे साडेतीन हजार माणसांचे दोन सारखे गट केले आणि तीन वर्षे वाट पाहिली. लस न मिळालेल्या गटात २६ जणांना क्षय झाला, लस मिळालेल्या गटात १३ जणांना. म्हणजे निम्म्याने कमी. पण एवढ्या लहान आकड्यांवर जगाला लस देता येत नाही. म्हणून २०२४ साली सुमारे २० हजार माणसांची नवी परीक्षा सुरू झाली.

भगिनींनो, २०२३ या एका वर्षात जगात साडेबारा लाख माणसे क्षयाने गेली. दर चार रोग्यांमागे एक आपल्या देशातला. या रोगाची लस शोधायची तर माणसे आपल्याच घरांतून मिळणार, आणि जे घर रोग लपवते त्या घराशी नर्सबाई पोचतच नाहीत. शास्त्रज्ञांचे विरजण प्रयोगशाळेत लागते, पण लशीची पारख आपल्या घरांतच होते.

सर्वांनी जाऊन टोचून घ्या, असे मी म्हणत नाही. ज्याने त्याने विचारून, समजून ठरवावे. माझे मागणे लहान आहे. दोन आठवडे खोकला राहिला तर बेडका तपासा. घरात क्षय निघाला तर त्याला क्षय म्हणा. आणि शेजारणीने तसे सांगितले, तर तिच्या हातचा चहा नाकारू नका. खरे सांगितल्यावर पहिला चहा माझ्या घरी ज्या शेजारीणबाई प्यायल्या, त्या इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत.