चिंच लावण्याआधी

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे एक पितळी बटण घेऊन आले. भाच्याच्या उल्हासनगरातल्या घराचा पाया खणला जात असताना त्यांनी मातीच्या ढिगावर आपलं धातुशोधक यंत्र फिरवलं होतं. बटण लखलखत होतं. "घरी नेल्या नेल्या चिंच आणि राखेनं घासलं," ते कौतुकानं म्हणाले. मला फार हळहळ वाटली. मुकुट दिसत होता, पण त्याखालची अक्षरं घासून गेली होती, आणि पलटण कोणती हे ती अक्षरंच सांगणार होती.

उल्हासनगरात असं बटण सापडावं यात नवल नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. लोक आजही 'कॅम्प एक, कॅम्प पाच' असंच म्हणतात. जवळच नेवाळीला त्याच युद्धासाठी विमानांची धावपट्टी झाली. ठाण्याकडे गेलं की माती आणखी जुनी होते. तिथला किल्ला पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. कल्याण-भिवंडी तर १६५७ मध्येच शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली होती. एवढ्या सत्तांचं लोखंड, शिसं आणि पितळ आपल्या पायाखाली आहे.

आता सर्वात महत्त्वाचं. वस्तू ओळखण्याआधी एकच प्रश्न विचारा, ही फुटेल का? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावरचा दारूगोळा फुटला. त्या गोदीच्या गाळातून पुढे कित्येक वर्षं जहाजावरच्या सोन्याच्या विटा निघत राहिल्या, आणि २०११ मध्ये तिथे जिवंत तोफगोळाही मिळाला. जवळजवळ सत्तर वर्षं पाण्यात राहूनही तो मेला नव्हता. म्हणून मातीत लांबट, टोकदार, पंखवाली किंवा भोक पाडलेली गोल लोखंडी वस्तू दिसली, तर कुदळ तिथेच थांबवा. हलवू नका, धुऊ नका, पोरांना लांब न्या आणि ११२ ला फोन करा. बॉम्बशोधक व नाशक पथक येईपर्यंत थांबायचं. जुन्या पोकळ गोळ्यातली काळी दारू गंजलेल्या कवचाआड कोरडी राहू शकते.

भरीव लोखंडी गोळा मात्र निराळा. सहा पौंडी तोफेचा गोळा साधारण नऊ सेंटीमीटर व्यासाचा आणि पावणेतीन किलोचा असतो. कारखान्यांच्या दळणचक्कीतले पोलादी गोळेही तसेच दिसतात, त्यामुळे घाई नको. तोफगोळा ओतीव असतो. साच्याची शिवण अंगावर कुठेतरी सापडते, आणि गंजाचे पापुद्रे निघत राहतात.

शिशाची गोळी हातात आली तर रंग पाहा. जुनं शिसं मातीत पांढुरकं होतं. कंपनी सरकारच्या बंदुकीची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर जाड आणि तीसेक ग्रॅम वजनाची असे. खाडीकाठी मात्र हमखास फसगत होते, कारण कोळ्यांच्या जाळ्याची वजनंही शिशाचीच. त्यांना दोरी ओवायला भोक असतं. शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवा.

कल्याण परिसरात बहुधा भेटते ती काडतुसाची रिकामी पुंगळी. महायुद्धातली रायफल थ्री-नॉट-थ्री, म्हणून पुंगळीचा तळ कडेला बाहेर आलेला. तळावर 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरं आणि मध्ये बाण दिसला, तर ती खडकीच्या कारखान्यातली. हा कारखाना १८६९ सालचा. पुढचे दोन आकडे म्हणजे वर्ष, ४३ म्हणजे १९४३. सरकारी सामानावर बाणाखाली इंग्रजी 'आय' असेल तर ते भारत सरकारचं चिन्ह. मधल्या टोपीवर सुईचा खड्डा आहे आणि तोंड मोकळं आहे, तर ती वापरलेली पुंगळी. तोंडाशी गोळी असेल किंवा तोंड चिमटून बंद केलेलं असेल, तर तिला हात लावू नका, पोलिसांना कळवा. परवान्याशिवाय जिवंत काडतूस घरात ठेवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

बटण-बिल्ल्यांवर मुकुट वाचा. मध्ये न दबता घुमटासारखा वर गेलेला मुकुट साधारण १९०१ ते १९५२ या इंग्लंडच्या राजांच्या काळातला. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर वस्तू प्रजासत्ताकाच्या काळातली, १९५० नंतरची.

कुणाला आख्खी तोफ दिसली तर तिचा पाठभाग पुसून पाहा, खरवडून नव्हे. इंग्रजी तोफांवर वजन तीन आकड्यांत कोरलेलं असतं. १८-२-१४ म्हणजे अठरा हंड्रेडवेट, दोन पाव-भाग आणि चौदा पौंड. एक हंड्रेडवेट ११२ पौंडांचा, पाव-भाग २८ पौंडांचा. हिशोब केला तर तोफ ९४६ किलोंची. हे गणित जमलं की तोफ कोणाची यातलं अर्धं कोडं सुटतं.

आता कायदा, थोडक्यात. संरक्षित किल्ल्यावर किंवा स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या केंद्र-संरक्षित वास्तूभोवतीच्या शंभर मीटरमध्ये तर कसलंच खोदकाम नको. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरू शकते. १८७८ चा निखात निधीचा कायदाही आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

आणि शेवटी ती चिंच. वस्तू पाण्यानं वा लिंबानं धुऊ नका. माती मऊ ब्रशनं झटका, आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. सोबत चिठ्ठीवर लिहा: तारीख, जागेची खूण, किती खोल, मातीचा रंग, आसपास आणखी काय होतं. मग कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. त्या गृहस्थांकडे बटण होतं, चिठ्ठी नव्हती. पुढच्या वेळी ते एक पुंगळी आणि तिची चिठ्ठी घेऊन आले आणि त्या पुंगळीचा तळ मी एका मिनिटात वाचून दाखवला.