काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाचा शोध



सर्वपित्री अमावस्येला आमच्या घरी एक पान जास्तीचं वाढतात. लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, हे कुणाचं? त्या म्हणाल्या, "काळ्या पाण्यावर गेला त्याचं." नाव विचारलं, तर गप्प. नाव घ्यायची घरात रीतच नव्हती.

तीन वर्षांपूर्वी पुतण्याच्या दाखल्यासाठी वंशावळ लिहायला बसलो. खापरपणजोबांना एक धाकटा भाऊ होता एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याची जागा कोरी राहिली. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली होती. मनात आलं, या गेल्या की एवढंही सांगणारं कुणी उरणार नाही. तिथून शोध सुरू झाला.

पहिलं काम घरातच केलं. वही घेऊन सासूबाईंजवळ बसले, मग त्यांच्या नणंदेकडे गेले. एकीनं सांगितलं, खारजमिनीच्या बांधावरून मारामारी झाली, त्यात माणूस मेला. दुसरीनं सांगितलं, सावकाराच्या घरावर दरोडा घातला. मी दोन्ही लिहून ठेवलं, कुणी सांगितलं तेही लिहिलं. आपल्याला बरी वाटते तीच गोष्ट खरी धरायची नाही. मारामारीत माणूस मेला असेल, तर त्या घरीही कुणीतरी रडलं असेलच.

दोघींचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. त्याची बायको मागे राहिली, माहेरी गेली नाही, आणि मरेपर्यंत कुंकू लावत होती.

मैत्रिणींनो, काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमानचा सेल्युलर जेल आठवतो. पण तो बांधून झाला १९०६ साली. कैदी तिथे १८५८ पासूनच जात होते. त्या वर्षी १० मार्चला दोनशे कैद्यांची पहिली तुकडी पोहोचली. त्यांच्याकडून जंगल तोडून घेतलं, रस्ते करून घेतले. त्याही आधी मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला आणि सिंगापूरकडे पाठवत. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हिंदुस्थानी कैद्यांच्या हातचं आहे. म्हणून आधी साल अदमासानं ठरवायचं. माणूस कुठे गेला असेल ते त्यावरून कळतं.

आपल्या जिल्ह्यातलं ठळक उदाहरण म्हणजे शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. १८७९ साली त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांना अंदमानला नाही, एडनला नेलं. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते तिथेच वारले. त्यांचं नाव आपण शाळेत शिकलो. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचं नाव किती जणींनी ऐकलंय?

आता कागद कुठे शोधायचे ते सांगते. आपला जिल्हा रायगड झाला १९८१ साली. त्याआधी तो कुलाबा होता, आणि १८६९ पर्यंत कुलाबाही वेगळा जिल्हा नव्हता, तो ठाण्यात मोडायचा. पनवेल तर १८८३ पर्यंत ठाण्यातच होतं. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा मुलूख जंजिऱ्याच्या नवाबाचा. म्हणून "रायगड" म्हणून जुना कागद मागितला तर हात हलवत परत यावं लागेल. आम्हीही एकदा तसेच परत आलो.

दुसरं म्हणजे आडनाव. जुन्या कागदात बऱ्याचदा आडनाव नसतंच. माणसाचं नाव, मग "बिन", मग बापाचं नाव. बिन म्हणजे मुलगा. बाईच्या नावापुढे "कोम" लिहितात, आणि कोमच्या पुढचं नाव नवऱ्याचं. हे दोन शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आम्ही तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज केला. आमच्या जमिनीचे जुने फेरफार आणि गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यांच्या नकला मागितल्या. कोतवाल बुकात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. हातात आलं ते सगळं मोडीत. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणारी माणसं कुठे भेटतात हे बऱ्याच गावांना माहीत झालंय. आम्हालाही एक गुरुजी भेटले.

गुरुजी वाचत होते, मी ऐकत होते. एका फेरफारात ते थांबले. एका बाईचं नाव, पुढे कोम, आणि पुढे त्याचं नाव. जे घरात शंभर वर्षं कुणी घेतलं नव्हतं, ते तिच्या नावापाठी लागून कागदात राहिलं होतं. ती वारल्यावर जमीन पुतण्याच्या, म्हणजे आमच्या पणजोबांच्या नावे चढली, त्याची ती नोंद होती. ज्या खाचरात मी दर आषाढात भात लावते, ते तिचं. तिनं ते एकटीनं सांभाळलं.

नावं इथे सांगत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. पण घरी आल्यावर सासूबाईंना दोन्ही नावं सांगितली. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि दोन्ही नावं मोठ्यानं घेतली.

पुढे कोतवाल बुकात तिच्या मृत्यूची तारीख मिळाली. मग घरात प्रश्न निघाला. नवरा असताना जी बाई जाते, तिचं पान अविधवा नवमीला वाढतात. ही कधी गेली? त्याच्या आधी की नंतर? तिनं कुंकू पुसलं नाही, कारण तिला कुणी काही कळवलंच नाही. याचं उत्तर आमच्या गावात नाही. ते असेल तर सरकारच्या कागदांत.

म्हणून शोध चालू आहे. त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि अंदाजे साल आता हातात आहे. एवढं असलं की मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात न्याय खात्याची जुनी दप्तरं बघता येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं "अभिलेख पटल" मोबाइलवरही उघडतं. त्यात पोर्ट ब्लेअरच्या फायली आहेत. नात मला त्यात शोधून देते. अंदमानात नीट वागलेल्या कैद्यांना पुढे शेती करायला, संसार थाटायला परवानगी मिळे. त्यांची नातवंडं-पतवंडं तिथे आहेत, त्यांना "लोकल बॉर्न" म्हणतात. कोण जाणे, आमचंही कुणी तिथे असेल.

जन्मठेप काळ्या पाण्याची ही शिक्षा १९५५ च्या दुरुस्तीनं कायद्यातून गेली. घराघरातली लाज मात्र अजून गेलेली नाही. त्यानं गुन्हा केला असेल, शिक्षाही भोगली. तिनं काय केलं होतं, की तिचंही नाव कुणी घेऊ नये?

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला एक कोरी वही न्या. आपापल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, आपल्याकडे कुणाचं नाव घेत नाहीत? आणि त्याच्या मागे कोण राहिलं होतं? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा, खाली तारीख घाला. कचेरीतले कागद आणखी काही वर्षं थांबतील. ती बाई थांबेलच असं नाही.

यंदा आमच्याकडे सर्वपित्रीला दोन पानं वाढली, आणि दोन्ही नावं घेतली.